हेलन ट्राउबेलवर श्रवणसत्र कसं बसवावं

दहा-पंधरा माणसं, एक बरा स्पीकर, दोन तास आणि मध्ये चहा. एवढ्या भांडवलावर हेलन ट्राउबेल व्यवस्थित ऐकवता येतात. सेंट लुईसच्या आमच्या गोतावळ्यात श्रवणसत्रं बसवण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि ट्राउबेलबाई याच गावच्या. १८९९ सालचा जन्म, जर्मन वंशाचं घर, वडिलांचं औषधांचं दुकान. न्यू जर्सीच्या आणि पुण्याच्या मैत्रिणींनी "तू हे कसं करतेस ते लिहून पाठव" म्हणून तगादा लावला होता, तेव्हा हे टिपण.

आधी ओळख, म्हणजे पुढचं वाचताना अडायला नको. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (म्हणजे 'मेट'मध्ये) जर्मन संगीतकार वाग्नरच्या मोठ्या भूमिका ज्यांच्या गळ्यावर उभ्या होत्या, त्या या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका. १९५३ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्या शिकागोच्या 'शे पारी' नावाच्या नाइटक्लबात गायला गेल्या. मेटचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांना ते रुचलं नाही, पत्रापत्री झाली, बाईंनी मेट सोडलं आणि क्लब, टीव्ही, सिनेमा, न्यूयॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी असा पुढचा प्रवास केला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला वारल्या.

हे असंच जन्मापासून सांगत गेलात तर सत्र फसलं म्हणून समजा. ऐकणारे पहिल्या दहा मिनिटांत मनाशी ठरवून टाकतात की मोठी गायिका होती, पैशासाठी खाली उतरली. मग क्लबच्या काळातलं काहीही ऐकवा, सगळे चुकचुकत ऐकतात. म्हणून उलटं करा. आधी शेवटचा काळ, मग मधला, आणि चरित्र दोन गाण्यांच्या मधल्या फटीत.

पहिलं गाणं नाव न सांगता

सुरुवात मी १९५४ च्या 'डीप इन माय हार्ट' या सिनेमातल्या तुकड्याने करते. सिग्मंड रॉम्बर्ग या संगीतकारावरचा, हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीचा चित्रपट आहे. बाई त्यात एका कॅफेच्या मालकिणीच्या भूमिकेत आहेत आणि 'सॉफ्टली, अ‍ॅज इन अ मॉर्निंग सनराइज' हे गाणं ठाय लयीत गातात. सिनेमात हेच गाणं नाचासकट धावत्या चालीतही येतं. ते आधी मिनिटभर दाखवून मग बाईंचं लावलं तर फरक कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

लावण्याआधी नाव सांगू नका, साल सांगू नका, 'ऑपेरा' हा शब्द तर तोंडातून काढूच नका. प्रत्येकाच्या हातात कागदाचा तुकडा आणि पेन्सिल द्या आणि एकच काम सांगा: बाई श्वास कुठे घेतात तिथे रेघ मारा. आमच्याकडे एक काका प्रत्येक सत्रात "राग कोणता?" असं विचारतात. त्यांनाही पेन्सिल दिली की ते गुंततात.

गाणं संपल्यावर रेघा मोजायला लावा. आकडे जुळणार नाहीत आणि ते चांगलंच आहे, कारण "इथे घेतला", "छे, इथे कुठे" असा वाद सुरू होतो आणि गाणं पुन्हा लावावं लागतं. दुसऱ्यांदा ऐकताना खोलीतल्या गाणाऱ्या मंडळींच्या लक्षात येतं की ओळ पूर्ण होईपर्यंत दमसास कुठेच तुटत नाही, आणि शब्दाचं शेवटचं व्यंजनसुद्धा गिळलं जात नाही. बस, एवढंच हवं होतं. ही बाई कोण ते आता सांगा.

मायक्रोफोनचं प्रकरण इथेच उरकून घ्या

ही पायरी गाळू नका. ट्राउबेल ज्या जुन्या मेटमध्ये गायच्या ते ब्रॉडवे आणि ३९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं थिएटर होतं. साडेतीन हजारांवर माणसं बसायची. ते १९६६ मध्ये बंद झालं आणि पुढच्या वर्षी पाडलं. तिथे मायक्रोफोन नव्हता. समोर खड्ड्यात वाग्नरचा ऑर्केस्ट्रा, म्हणजे नव्वद-शंभर वादक, आणि त्यांच्यावरून आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.

हे नुसत्या ओरडण्याने होत नाही. आमचे हे इलेक्ट्रॉनिक्समधले. ते फळ्यावर साधी आकृती काढून दाखवतात: ऑर्केस्ट्राची बहुतेक ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि वरच्या कंपनसंख्यांकडे ती उतरत जाते. कमावलेला ऑपेराचा आवाज २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात जोर धरतो. वाद्यं तिथे तुलनेने दुबळी असतात आणि माणसाचा कान नेमका तिथेच तिखट असतो. तार सप्तकात सोप्रानोचं गणित थोडं निराळं होतं, मुखाचा आकार स्वरागणिक बदलावा लागतो, पण त्या खोलात शिरायची गरज नाही.

हे एकदा समजलं की क्लबातल्या गाण्याचा प्रश्न आपोआप पुढे येतो. क्लबात मायक्रोफोन हातभर अंतरावर असतो. शंभर वादकांवरून आवाज फेकायची सवय असलेल्या गळ्याने तिथे काय करायचं? फेक कमी करायची, पण आधार सोडायचा नाही. आवाज लहान केला की बहुतेकांचा श्वासही ढिला पडतो. पहिल्या गाण्यात रेघा मारताना लोकांनी जे ऐकलं ते याचंच उत्तर होतं.

आता वाग्नर, पण बेतानं

दुसरा तुकडा २२ फेब्रुवारी १९४१ चा. संचालक आर्तुरो तोस्कानिनी, एनबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. बाईंबरोबर त्या मैफलीत डॅनिश टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, लाउरित्स मेल्खियोर होते. त्यातला 'गोटरडेमरुंग' या वाग्नरच्या 'रिंग' मालिकेतल्या ऑपेराच्या शेवटचा, नायिका ब्रुनहिल्डचा प्रवेश घ्या. पूर्ण वीसएक मिनिटांचा आहे. तो सगळा लावायचा मोह टाळा. शेवटची सात-आठ मिनिटं पुरतात, मात्र बाईंचा आवाज थांबल्यावर लगेच बंद करू नका. नंतरचा ऑर्केस्ट्राचा भाग त्या आवाजाचं मोजमाप देतो, कारण आत्ता हा एवढा डोंगर कुणी पेलत होतं हे तेव्हा कळतं.

कथा दोन वाक्यांत सांगा: ब्रुनहिल्ड नवऱ्याची चिता पेटवते आणि घोड्यासकट तिच्यात उडी घेते, त्या आगीत देवांचं घरही जळतं. झालं. 'रिंग'ची चारही नाटकं सविस्तर सांगणारा एखादा उत्साही प्रत्येक मंडळात असतोच, त्याला त्या दिवशी चहाची जबाबदारी द्या.

आपल्या मंडळींच्या कानांची थोडी तयारी करावी लागते. तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला सोप्रानोचा कंप प्रथम बेसूर वाटतो. षड्ज स्थिर ऐकायची सवय, आणि इथे स्वर सतत हलतोय. आधीच सांगा की हा हेलकावा त्या गायकीत अपेक्षित आहे, आणि तो किती सम आहे ते ऐका. ट्राउबेलबाईंचा बराच सम आहे, म्हणूनही मी नवख्यांना वाग्नर ऐकवताना त्यांच्यापासून सुरुवात करते. दुसरं, इथे आयत्या वेळचं काही नाही, स्वर न स्वर लिहिलेला आहे. त्यामुळे "बढत कुठे आहे?" असं कुणी विचारलं तर बढत संगीतकाराने आधीच करून ठेवली आहे असं सांगते. अगदी काटेकोर उत्तर नाही, पण बैठकीत चालून जातं.

एक उणीवही सांगून टाका. बाईंना अगदी वरचे स्वर सहज नव्हते. वरचा 'सी' हा स्वर त्या टाळायच्या, समीक्षक ते लिहायचेही. आवाजाचं खरं वैभव मधल्या सप्तकात होतं, रुंद आणि भरीव. तोच भाग पुढे क्लबात कामाला आला. क्लबात वरचा 'सी' मागतो कोण?

चरित्र: चहाच्या आधी पाच मिनिटं

यातलं १९२६ साल नीट सांगा, बाकी भराभर. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या लुइसन स्टेडियममध्ये सेंट लुईस सिंफनीचे संचालक रुडॉल्फ गांझ यांच्या हाताखाली त्या गायल्या आणि मेटकडून विचारणा झाली. सत्ताविशीतली मुलगी, देशातलं सर्वांत मोठं ऑपेरागृह बोलावतंय, आणि तिने नाही म्हटलं. अजून शिकायचं आहे म्हणाली आणि गावी परतली. तोवर गुरू एकच, लुईझ वेटा-कार्स्ट. तेराव्या वर्षापासून त्यांच्याकडे तालीम, आणि पोटापाण्याला गावातल्या चर्चमध्ये आणि सिनेगॉगमध्ये गाणं. ही गोष्ट सांगितली की आमच्या खोलीतली ज्येष्ठ मंडळी सरसावून बसतात. गुरूपाशी वर्षानुवर्षं थांबणं म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग १९३५ मध्ये सेंट लुईसच्या एका गायनमहोत्सवात संगीतकार वॉल्टर डॅमरॉश यांनी ऐकलं आणि आपल्या नव्या ऑपेरात तिच्यासाठी भूमिका लिहिली. १९३७ मध्ये मेटच्या रंगमंचावर पहिलं पाऊल ते त्याच ऑपेरातून. त्यानंतर पुन्हा थांबणं, न्यूयॉर्कमध्ये ज्युसेप्पे बोगेत्ती यांच्याकडे शिकणं. १९३९ च्या शरदात न्यूयॉर्कच्या टाउन हॉल या सभागृहातली मैफल गाजली आणि त्याच डिसेंबरात मेटमध्ये सीगलिंड ही वाग्नरची नायिका. १९४१ मध्ये नॉर्वेच्या सोप्रानो किर्स्टन फ्लागस्टाट मायदेशी परतल्या आणि वाग्नरच्या नायिकांचा सगळा भार ट्राउबेलबाईंवर आला. चाळिशी उलटल्यावर मुख्य काळ सुरू झाला, हे लक्षात आणून द्या. चोपन्नाव्या वर्षी क्लबात जाणं मग तेवढं विचित्र वाटत नाही. या बाईंचं सगळंच उशिरा झालं.

नाइटक्लब म्हणजे काय, हे सांगावंच लागतं

आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर 'नाइटक्लब' म्हटलं की हिंदी सिनेमातला कॅबरे येतो. तो आधी पुसा. १९५० च्या आसपासचा अमेरिकन क्लब म्हणजे जेवणाची टेबलं, मधोमध नाचाची जागा, दहा-बारा वादकांचा ताफा, एखादा विनोदवीर आणि मग मुख्य कलाकार. एका रात्रीत एकाहून जास्त खेळ, शेवटचा मध्यरात्रीनंतर. शिकागोच्या फेअरबँक्स कोर्टवरचं 'शे पारी' १९३२ पासून १९६० पर्यंत चाललं. न्यूयॉर्कचं 'कोपाकबाना' पूर्व ६० व्या रस्त्यावर तळघरात होतं. बाई तिथेही गायल्या.

एक गोष्ट मी नेहमी सांगते, कारण ती ऐकली की चित्र जमिनीवर येतं. १९४४ पासून क्लबच्या बिलावर केंद्र सरकारचा २० टक्के कर होता. गाणं किंवा नाच असेल तर कर. नुसतं वाद्यवादन असेल आणि कुणी नाचत नसेल तर माफ. म्हणजे मालकाने गायिका उभी केली की खाणंपिणं पाचव्या हिश्शाने महाग. एवढं करूनही टेबलं भरतील अशीच गायिका त्याला परवडणार. त्यात लोक घरी बसून टीव्ही बघू लागलेले. अशा वेळी मेटची ब्रुनहिल्ड क्लबात गाते ही बातमीच गिऱ्हाईक ओढून आणणारी होती.

शिवाय ट्राउबेलबाई तोवर घराघरांत ओळखीच्या झाल्या होत्या, त्या विनोदवीर जिमी ड्युरँटीमुळे. भलंमोठं नाक, घोगरा आवाज, आणि शेजारी ही वाग्नरची नायिका. दोघांचं एकत्र ध्वनिमुद्रण आहे, चहानंतरचा पहिला तुकडा म्हणून तेच लावा. बाईंचं हसू ऐकण्यासारखं आहे. खणखणीत, पोटातून आलेलं. आणि विनोदात त्या गायकी वाकडी करत नाहीत हेही बघायला सांगा. स्वर नेहमीसारखाच लावतात, म्हणून तर हसू येतं.

भांडण रंगवू नका

बिंग आणि ट्राउबेल यांचा वाद नाट्यवाचनासारखा करावा असं कुणीतरी सुचवेल. मी तसं करत नाही, कारण मग बिंग खलनायक होतात आणि चर्चा तिथेच संपते. बाजू साध्या शब्दांत मांडा. बिंग यांचं म्हणणं, क्लब आणि मेट एकत्र नांदत नाहीत, बाईंनी काही काळ मेटपासून दूर राहावं. ट्राउबेलबाईंचं म्हणणं, कला मेटमध्ये असते आणि क्लबात नसते हा निव्वळ तोरा आहे आणि त्यात अमेरिकन श्रोत्यांचा व इथल्या संगीतकारांचा अपमान आहे.

मग दोन्हीकडे थोडं वजन टाका. बिंग १९५० मध्ये आले आणि शिस्तीबद्दल त्यांनी कुणालाच सोडलं नाही. मेल्खियोर मेट सोडून गेले ते त्याच साली. बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचे पुरुष गायक, रॉबर्ट मेरिल सिनेमासाठी मेटचा दौरा टाळून गेले, तर त्यांनाही काढलं, पुढे परत घेतलं. त्याच बिंग यांनी जानेवारी १९५५ मध्ये मेरियन अँडरसन यांना मेटच्या रंगमंचावर उभं केलं. त्याआधी मेटमध्ये कुणा कृष्णवर्णीय गायिकेला प्रमुख भूमिका मिळाली नव्हती. अँडरसन यांचे गुरूही बोगेत्तीच, म्हणजे दोघी एकाच तालमीतल्या. आणि 'कोपाकबाना'? १९४० च्या दशकात तिथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवत असत. तेव्हा ऑपेरा बड्यांचा आणि क्लब सगळ्यांचा अशी सोपी वाटणी कुणी करू लागलं तर एवढं एक वाक्य पुरतं.

माझं मत विचाराल तर मूळ मुद्द्यावर मी बाईंच्या बाजूची आहे. गाणं कुठे गायलं यावरून त्याचा दर्जा ठरत नाही, ते कसं गायलं ते कागदावरच्या रेघांत दिसतंच. पण क्लबची रात्र गळ्याला स्वस्त पडत नाही: धूर, जागरण, एका रात्री अनेक खेळ. मेटच्या व्यवस्थापकाला त्याची काळजी वाटली तर त्यात नुसता तोराच होता असं मला म्हणवत नाही. हे सत्रात मी शेवटी, कुणी विचारलं तरच बोलते. आधी बोलले की लोक माझंच मत परत ऐकवतात.

बाईंच्या आयुष्यात सांगण्यासारख्या गमती भरपूर आहेत. सेंट लुईस ब्राउन्स या बेसबॉल संघात त्यांची भागीदारी होती. १९५१ मध्ये मेटमधल्या खुनांवरची एक रहस्यकथा त्यांच्या नावाने निघाली, लेखणी दुसऱ्याची होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीला त्यांनी गाणं शिकवलं आणि पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल पस्तावल्या. या गोष्टी पानातल्या चटण्या आहेत, बोटभर वाढा. ट्रुमन प्रकरण तर फारच चविष्ट, त्यात शिरलात की अर्धा तास गेला.

१९५५ चं 'पाइप ड्रीम' मात्र ऐकवा. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचं संगीतक, ब्रॉडवेवर २४६ प्रयोग, त्या जोडीच्या मानाने अपयशच. बाई त्यात फॉना नावाच्या कोठीवालीच्या भूमिकेत होत्या. मूळ संचाचं ध्वनिमुद्रण मिळतं. एकच गाणं लावा आणि पुन्हा रेघा मारायला सांगा. इथे आवाज थकलेला कळतो, ओळी आधीपेक्षा लवकर सुटतात. ते झाकू नका. हेच चहाआधी ऐकलेल्या १९४१ च्या तुकड्याशेजारी ठेवलं की चौदा वर्षांत गळ्याचं काय होतं ते लोकांना स्वतःच्या कानांनी कळतं, आणि तो दोष क्लबचा की वयाचा यावर खरी चर्चा होते. १९६१ च्या जेरी लुइसच्या सिनेमातही बाई आहेत, पण तो गाण्यासाठी बघायचा नाही.

स्पीकरबद्दल

ही जुनी ध्वनिमुद्रणं बहुतेक एकाच वाहिनीची (मोनो) आहेत. दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत ठेवलेत तर आवाज मधेच लोंबकळल्यासारखा वाटतो. एकच चांगला स्पीकर समोर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. 'बेस' वाढवलेला असेल तर बंद करा, नाहीतर ऑर्केस्ट्रा गढूळ होतो. खरखर कमी करणाऱ्या सोयी लावू नका, कारण खरखरीबरोबर २,५०० हर्ट्झच्या वरची धारही जाते, आणि आपण ऐकायला जमलोय तीच. आवाजाची पातळी वाग्नरच्या सर्वांत मोठ्या जागेवर आधीच ठरवून ठेवा, मग सिनेमातलं गाणं त्याच पातळीवर लावून बघा. फार लहान वाटलं तर तेवढंच थोडं वाढवा. लोक आल्यावर चाचपडत बसलात की मंडळी गप्पांना लागतात आणि त्यांना परत आणणं कठीण.

पेन्सिलींची टोकं आधी करून ठेवा. फोन पिशवीत ठेवायला सांगा, नाहीतर बाईंचं नाव पहिल्या गाण्यालाच कुणीतरी शोधून काढतं.

सत्र जमलं तर पुढच्या महिन्याला आयलीन फॅरल घ्या. त्याही अमेरिकन सोप्रानो. १९५९ मध्ये इटलीत स्पोलेतोच्या महोत्सवात जाझचे लुई आर्मस्ट्राँग आजारी पडले तेव्हा त्यांच्या ताफ्याबरोबर या गायल्या, आणि पुढच्याच वर्षी मेटमध्ये त्यांचं पदार्पण झालं. म्हणजे ट्राउबेलबाईंना ज्या दाराने बाहेर पडावं लागलं, त्याच दाराने सात वर्षांनी ब्लूज, म्हणजे जाझच्या नात्यातली गाणी, गाणारी बाई आत आली, आणि व्यवस्थापक अजून बिंगच होते. त्या सत्राला मायक्रोफोनचं प्रकरण परत सांगायला नको, चरित्रही नंतर. सरळ तबकडी लावा आणि कागद वाटा.